सक्तीबाहेरचे वाचन

जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातील ज्या घरी सध्या माझा मुक्काम आहे, तेथील पंधरा वर्षांची मुलगी घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलते. शाळेतील हिंदीमुळे देवनागरी तिला उत्तम अवगत आहे. तरीही मराठी पुस्तक ती हाती धरीत नाही. कारण विचारले असता ती म्हणाली, "काका, मराठी वाचायला मला फार वेळ लागतो. आणि वाचून झालं की आई विचारते, यातून काय शिकलीस?"

या उत्तरात दोन निरनिराळ्या अडचणी आहेत. पहिली गतीची. लिपी येणे वेगळे आणि अक्षरांचा विसर पडून मजकुरात शिरता येणे वेगळे. ही गती पुष्कळ वाचल्यानेच येते, आणि पुष्कळ वाचन कर्तव्यबुद्धीने सहसा घडत नाही. पुढे काय झाले या उत्कंठेने घडते. दुसरी अडचण अधिक बिकट आहे, कारण ती आपण वडीलधाऱ्यांनी निर्माण केलेली आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत पुस्तक हे भाषा टिकविण्याचे आणि संस्कार करण्याचे साधन ठरते. वाढदिवसाला 'श्यामची आई' भेट दिली जाते. 1935 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाची थोरवी मला मान्य आहे. परंतु ते काढ्यासारखे पाजले गेले, तर मुलाने तोंड फिरविल्यास दोष पुस्तकाचाही नाही आणि मुलाचाही नाही. फ्रेंच लेखक दान्येल पेनाक याने 1992 साली वाचकाचे दहा हक्क मांडले. न वाचण्याचा हक्क त्यांत पहिला आहे आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचाही आहे. आपल्या घरांत हे दोन्ही हक्क अजून अपराध समजले जातात.

मात्र पालकांना बोल लावताना आपण अभ्यासक नामानिराळे राहू शकत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार आणि काळा पहाड यांनी मराठी तरुणांच्या कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. कन्नडमध्ये एन. नरसिंहय्या यांच्या पत्तेदारी कादंबऱ्यांनी हेच केले, आणि त्यांचे शालेय शिक्षण तर जेमतेम झालेले होते. आपल्या वाङ्मयेतिहासात अशा लेखकांच्या वाट्याला फार तर एखादे वाक्य येते, तेही बहुधा नापसंतीचे. बंगालीत असे झाले नाही. 'संदेश' हे उपेंद्रकिशोरांनी 1913 साली सुरू केलेले मुलांचे मासिक. त्यांचे नातू सत्यजित राय यांनी त्यातच 1965 साली फेलूदाची पहिली कथा लिहिली. किशोरांसाठी गुप्तहेरकथा लिहिल्याने त्यांची प्रतिष्ठा तिळमात्र उणी झाली नाही. मराठीत भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या साहसकथा आणल्या, फुरसुंगीचा फास्टर फेणे निर्माण केला. पण त्यांचे नाव साहित्याच्या चर्चेत क्वचितच निघते.

येथे गळगनाथांची (1869–1942) आठवण होते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या त्यांनी कन्नडात आणल्या आणि आपली पुस्तके विकण्यासाठी ते स्वतः गावोगाव हिंडले. मराठी-कन्नड संबंधांवरील आपले निबंध या भाषांतरांच्या मूळनिष्ठेची चिकित्सा करतात. ती करावीच. पण वाचक नावाचा प्राणी आयता मिळत नाही, तो घडवावा लागतो, हे त्या पायपिटीत गळगनाथांना जितके कळले होते, तितके आपल्याला कळलेले दिसत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की रहस्यकथा वाचणारा मुलगा पुढे गंभीर साहित्याकडे वळेलच कशावरून? तशी हमी मला देता येत नाही. काही वळतील, काही आयुष्यभर रहस्यकथाच वाचतील. त्यात मला फारसे अनिष्ट दिसत नाही. पंधराव्या वर्षी ज्याने मराठीत काहीच वाचले नाही, तो विसाव्या वर्षी आपल्या वर्गात येऊन मर्ढेकर वाचेल ही अपेक्षा मात्र मला अधिक भाबडी वाटते. भ्रमणध्वनीचे गाऱ्हाणे मी येथे मुद्दाम गात नाही. या मुलीच्या अडचणींत तिने त्याचा उल्लेखही केला नव्हता.

तिला मी फास्टर फेणेचे एक पुस्तक दिले आहे आणि त्यावर काहीही न विचारण्याचे वचन तिच्या आईकडून घेतले आहे. विद्यापीठांकडे माझे मागणे थोडे मोठे आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात अर्नाळकर आणि नरसिंहय्या शेजारी ठेवून शिकविले जावेत. आणि ज्यांनी कोवळ्या वयात ही पुस्तके अभ्यासाच्या वहीआड लपवून वाचली, त्यांच्या आठवणी टिपून घेतल्या जाव्यात. त्यांतील बहुतेक वाचक आज सत्तरीपुढे आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी सुरू केले पाहिजे.