सांभाळायला दिलेला जीव

वाराणसीला संकठा घाटाच्या पायऱ्या चढून वर गेले, की संकठा देवीचे मंदिर लागते. संकटाचे निवारण करणारी देवी अशी तिची ख्याती आहे. या घाटाच्या एका बाजूला बायजाबाई शिंदे यांनी एकोणिसाव्या शतकात बांधून घेतलेला शिंदे घाट आहे. दुसऱ्या बाजूला, थोड्या अंतरावर, नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. काशीवासासाठी आणि अध्ययनासाठी आलेली मराठी घराणी गंगेच्या या काठावरील गल्ल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. अशा जुन्या घरांतून मांजर हे घरातल्या माणसांपैकीच एक असते.

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईला महिना-दोन महिन्यांसाठी लेकीकडे जावे लागले, की तिचे मांजर नात्यातल्या कुणाकडे तरी सोपवले जाते. मांजर तरणे असेल, तर फारशी अडचण येत नाही. परंतु ते पंधरा वर्षांचे असेल तर? मांजराची पंधरा वर्षे म्हणजे माणसाची सुमारे पंच्याहत्तर. असे मांजर मध्यरात्री अचानक आर्त स्वरात ओरडू लागते. तासन्‌तास भिंतीकडे पाहत बसते. मातीचे घमेले सोडून अंथरुणावरच घाण करते. भरपूर खाऊनही रोडावत जाते. सांभाळणाऱ्याची झोप उडते आणि सल्ले देणाऱ्यांना मात्र उत्साह येतो. मांजराचे रडणे अशुभ, असे एक जण सांगतो. मालकिणीचा विरह त्याला सोसवत नाही, असे दुसरा म्हणतो. तिसरा अधिक व्यवहारी असतो. पोत्यात घालून नावेने पलीकडच्या वाळूवर सोडून या, असे तो सुचवतो.

या तिन्ही सल्ल्यांत एकच दोष आहे. मांजराला नेमके काय होत आहे, हा प्रश्नच ते विचारत नाहीत. मांजराला बोलता येत नाही. शिवाय दुखणे लपवण्याची त्याची उपजत वृत्ती असते. म्हणून त्याच्या वागण्यातील बदल हीच त्याची तक्रार समजली पाहिजे. म्हाताऱ्या मांजरांच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथी अनेकदा अतिक्रियाशील होते. हा विकार पशुवैद्यकशास्त्रात १९७९ पासून नोंदला गेला आहे. अशा वेळी भूक वाढते, वजन मात्र घटते आणि जीव अस्वस्थ राहतो. मूत्रपिंडे दुबळी झाली, की तहान आणि लघवी वाढते. रक्तदाब वाढल्यास एकाएकी दृष्टी जाऊ शकते. सांधे धरले, की घमेल्याची कडही ओलांडवत नाही. माणसाप्रमाणे मांजराचा मेंदूही थकतो; मग ओळखीच्या घरात ते वाट चुकते आणि रात्री ओरडते. यांपैकी कोणते कारण खरे, हे घरी बसून ठरवता येत नाही. त्यासाठी पशुवैद्याने तपासावे लागते. रक्त आणि लघवी पाहावी लागते. ज्याला लोक म्हातारचळ म्हणतात, त्यातील पुष्कळसा भाग औषधाने आटोक्यात येणारा असतो.

घरगुती उपाय येथे घातक ठरू शकतो. माणसाच्या तापावरील पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध पचवण्याची शक्ती त्याच्या यकृतात नसते. मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर थांबून चालत नाही. बोका पुनःपुन्हा बसूनही त्याला लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे धाव घ्यावी लागते. आणि स्वभाव बदललेले मांजर चावले किंवा त्याने ओरखडले, तर रेबीजची शक्यता ध्यानात घेऊन जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. दया करताना सावधपणा सोडावा, असे कुणी म्हणत नाही.

मांजर दुसऱ्याचे आहे, मग इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न निघतो. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. प्राण्याचे स्वास्थ्य राखण्याचे आणि त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य कायदा केवळ मालकावर टाकत नाही. प्राणी ज्याच्या देखभालीत किंवा ताब्यात असेल, त्या प्रत्येकावर ते टाकतो. उपासमारीने हाल होतील अशा ठिकाणी प्राण्याला सबळ कारणावाचून सोडून देणे हा गुन्हा आहे. सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे १९७६ पासून संविधानानेही नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे.

कायद्याच्या कितीतरी आधी हीच शिकवण संतांनी दिली. पैठणच्या एकनाथांनी आपला भागवतावरील ग्रंथ १५७३ मध्ये याच काशीत पूर्ण केला. काशीहून रामेश्वरासाठी नेत असलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. ते गाढव नाथांच्या मालकीचे नव्हते. ते तहानलेले होते, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले.

पैशांची अडचण खरी आहे. हातावर पोट असणाऱ्या घराला मोठा खर्च पेलत नाही. परंतु शासकीय पशुचिकित्सालयात अल्प खर्चात तपासणी होऊ शकते; आणि मांजराने काय खाल्ले, किती पाणी प्याले, कधी ओरडले, हे कागदावर लिहून ठेवायला तर पैसाही लागत नाही. तो कागद पशुवैद्याच्या फार उपयोगी पडतो. दुसरी बिनखर्चाची गोष्ट म्हणजे मालकिणीला वेळीच कळवणे. तिला उगाच काळजी नको, म्हणून पुष्कळ जण गप्प राहतात. या गप्प राहण्यामागे प्रेम असते, पण त्याने अन्यायही होतो. उपचार कुठवर करायचे, वेदना असह्य झाल्या तर काय करायचे, शेवटच्या दिवसांत जवळ यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. बातमी उशिरा दिली, तर तो अधिकारच तिच्याकडून काढून घेतला जातो.

शेजाऱ्याने ठेवायला दिलेले दागिने माणूस कुलपात ठेवतो आणि निर्धास्त होतो, कारण दागिन्यांना दुखत नाही. सजीव ठेव मात्र रोज पाहावी लागते, तिचे मुके बोलणे समजून घ्यावे लागते. ती जशी मिळाली तशीच परत करता येईल, याची हमी कुणीच देऊ शकत नाही, कारण म्हातारपण कुणाच्या हातात नसते. पण तिची आबाळ झाली नाही आणि तिच्याविषयी काही लपवून ठेवले नाही, एवढे मालकिणीच्या डोळ्यांला डोळा भिडवून सांगता आले पाहिजे.