टपापर्यंत बर्फ, म्हणून काय झालं?

जानेवारी आला की एक रील हमखास फिरू लागतं. जपानमधल्या, टपापर्यंत बर्फात गाडलेल्या गाड्या आणि वर ओळ : ‘कुठाय तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?’ तुम्हीही हसून पुढे ढकललं असेल. मीही ढकललंय. पण या विनोदामागचं गृहीतकच कच्चं आहे. थंडी जास्त, तितका बर्फ जास्त, असं आपण धरून चालतो.

तसं असतं तर सगळ्यात जास्त बर्फ सैबेरियाच्या आतल्या भागात पडला असता. तिथली थंडी जपानपेक्षा कितीतरी कडक, पण हवा कोरडी. बर्फ पडतो तो बेताचाच. तोच सैबेरियाचा वारा हिवाळ्यात जपानच्या समुद्रावरून येतो. या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा कोमट प्रवाह येतो. कोरडा वारा त्या पाण्यावरची वाफ पीत पीत पुढे सरकतो, पलीकडच्या डोंगरांना अडतो, वर चढतो आणि सगळं तिथेच रितं करतो. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या सह्याद्रीचंच गणित. महाबळेश्वर चिंब, फलटण कोरडं. तसंच जपानचा पश्चिम किनारा बर्फाखाली आणि डोंगरापलीकडे टोकियोत लख्ख ऊन. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या साप्पोरो शहरात तर एका हिवाळ्यात सरासरी पावणेपाच मीटरच्या आसपास बर्फ पडतो.

आता समुद्र आणखी तापला तर? वाफ वाढणार. आणि हवा शून्याखाली असेपर्यंत ती बर्फ म्हणूनच पडणार. म्हणजे रीलमधला पुरावा उलट बाजूचाही असू शकतो!

याच बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर अबाशिरी आहे. अक्षांश 44, म्हणजे फ्रान्समधल्या नीसच्या जवळपास. तरी जानेवारीच्या शेवटी इथे समुद्रावर बर्फाच्या लाद्या तरंगत येतात. आमूर नदीचं गोडं पाणी ओखोत्स्क समुद्राच्या वरच्या थरातला खारटपणा कमी करतं, त्यामुळे तो थर लवकर गोठतो. मग वारा आणि प्रवाह तो बर्फ दक्षिणेकडे ढकलतात. नॉर्वेच्या नान्सेनने 1893 मध्ये ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून घेतलं होतं. बर्फ वाऱ्यामागे सरळ न जाता थोडा उजवीकडे वळतो, हे त्याला तिथे दिसलं. एकमनने पुढे त्याचं कारण पृथ्वीच्या फिरण्यात दाखवलं. वेगाचा ढोबळ हिशेब असा, की वारा ताशी 50 किलोमीटर असेल तर बर्फ ताशी एक.

म्हणूनच अबाशिरीचा किनारा आज पांढराशुभ्र आणि उद्या मोकळा निळा, असं होतं. वारा फिरला की लाद्या परत आत. एका दिवसाच्या फोटोवरून वाऱ्याची दिशा कळेल, हवामानाची चाल नाही. ती कळायला जपानच्या हवामान खात्याच्या 1971 पासूनच्या नोंदी बघाव्या लागतात. त्यात ओखोत्स्कमधल्या बर्फाचं दरवर्षीचं कमाल क्षेत्र घटत चाललेलं दिसतं.

त्यात पर्यटकांची हौस बुडते, हे सोडून द्या. या बर्फाबरोबर येणारं सूक्ष्म शेवाळ वसंतात पाण्यात मिसळतं. त्यावर बारीक जीव, त्यांच्यावर मासे आणि माशांवर शेजारच्या शिरेतोकोतली अस्वलं, गरुड जगतात. 2005 मध्ये शिरेतोकोला जागतिक वारसा ठरवलं, ते समुद्र आणि जंगल जोडणाऱ्या याच साखळीमुळे.