मिहानचे एम्स आणि आपला नेहमीचा डॉक्टर

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्गालगत पसरलेल्या मिहान प्रकल्पात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजेच सर्वांच्या तोंडी रुळलेले ‘एम्स’, आता चांगलेच स्थिरावले आहे. २०१७ साली तिची पायाभरणी झाली, २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थ्यांची पहिली तुकडी बसली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ही संस्था राष्ट्राला अर्पण करण्यात आली. १,५७५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा हा प्रकल्प असून त्यात ३८ विभागांची योजना आहे. गडचिरोली, गोंदिया आणि मेळघाट येथील आजारी माणसाला मुंबई अथवा दिल्ली गाठावी लागू नये, हा त्यामागचा हेतू स्तुत्यच आहे व त्याबद्दल विदर्भाने समाधान मानावे हे योग्यच होय.

तथापि एक प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. ज्या दारात मेंदूच्या गाठीचा व हृदयाच्या झडपेचा रुग्ण उभा असावयास हवा, त्याच दारात रक्तदाबाची गोळी बदलून घेण्यासाठी, जुनाट खोकल्यासाठी वा साखरेच्या तपासणीसाठी माणसे सकाळपासून का उभी असतात? मोठ्या सरकारी रुग्णालयांतून सर्वत्रच हे चित्र दिसते. या माणसांना दोष देणे अन्यायाचे होईल. घराजवळ विश्वासाने जावे असा एक डॉक्टर त्यांना उरलेला नाही, हे त्याचे खरे कारण आहे.

मिहानच्या परिसरात तर हे विशेषच जाणवते. खापरी, चिंचभुवन, शिवणगाव, दहेगाव या गावांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या. काही कुटुंबे हलली, काही राहिली आणि त्यांच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांच्या कार्यालयांत नोकरीसाठी आलेली तरुण मंडळी या इमारतींत राहतात. त्यांचे आईवडील अमरावतीला किंवा भंडाऱ्याला, आणि डॉक्टर मोबाईलच्या पडद्यावर. २०१९पासून खापरीपर्यंत मेट्रो धावते. पण तीन पिढ्यांची प्रकृती ठाऊक असलेला डॉक्टर मेट्रोने येत नसतो. तो एखाद्या वस्तीत पंचवीस-तीस वर्षे बसल्यावर तयार होतो.

हे केवळ जुन्या दिवसांच्या आठवणीचे हळवेपण नव्हे. नॉर्वे देशात २००१पासून प्रत्येक नागरिकाच्या नावे एक ठरलेला डॉक्टर असतो. तेथील संशोधकांनी लक्षावधी नागरिकांच्या नोंदी तपासून २०२२ साली जे निष्कर्ष छापले, ते विचार करावयास लावणारे आहेत. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ जाणाऱ्यांमध्ये, पहिल्याच वर्षी असलेल्यांच्या तुलनेत, तातडीने रुग्णालयात दाखल होण्याचे व मृत्यूचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने कमी आढळले. असे संशोधन कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध करीत नाही, हे मान्य. तरी ओळखीलाही औषधाचे मूल्य असते, एवढे त्यातून निश्चित सूचित होते.

आपल्या विदर्भातील उदाहरण घ्यावयाचे तर सिकलसेलचे घ्यावे. हा आजार जन्मजात आहे. तो रुग्णाला आयुष्यभर सोडत नाही. मधूनच हाडे-सांधे असह्य दुखतात, ताप आला की धोका वाढतो, शरीरातील पाणी कमी होऊन चालत नाही. अनोळखी डॉक्टरसमोर असा मुलगा वेदनेने कळवळत आला, तर त्यास एक वेदनाशामक सुई टोचून घरी पाठविले जाण्याची शक्यता असते. हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे काय, मागील वेळी रक्त केव्हा चढविले होते, बहिणीची तपासणी झाली काय, हे सारे विचारण्यास वेळही हवा व माहितीही हवी. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, ते आवश्यकच होते. परंतु तपासणीत सापडलेल्या रुग्णाचा हात पुढील चाळीस वर्षे धरणार कोण, याचे उत्तर अभियानाने एकट्याने देता येणारे नाही.

आता आधुनिकीकरणाविषयी. सरकारने या बाबतीत गेल्या काही वर्षांत पुष्कळ काम केले आहे. २०२१च्या सप्टेंबरमध्ये आयुष्मान भारत डिजिटल अभियान देशभर सुरू झाले. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक काढून आपले अहवाल, आपल्या संमतीनेच, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे पाठविता येतात. हा क्रमांक ऐच्छिक आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. नोंदणीच्या खिडकीवर क्यूआर कोड स्कॅन करून टोकन मिळते, ई-संजीवनीवरून घरबसल्या सल्ला मिळतो. सोयी उत्तमच आहेत. पण ज्या आजीबाईंपाशी साधा फोन आहे व नातू दुपारपाळीला गेला आहे, तिच्यासाठी खिडकीवरचा माणूस शाबूत राहिला पाहिजे. ब्रिटनमध्ये सकाळी आठ वाजता दवाखान्याचा फोन लागण्यासाठी लोकांची झुंबड उडत असे, म्हणून १ ऑक्टोबर २०२५पासून इंग्लंडमधील प्रत्येक दवाखान्याने कामाच्या पूर्ण वेळेत ऑनलाइन विनंत्या स्वीकाराव्यात, असा नियम झाला. तेथेही फोन व प्रत्यक्ष भेट हे मार्ग बंद करण्यात आलेले नाहीत.

यासंदर्भात आपल्याच देशाच्या नियमांतील एका बाबीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. २५ मार्च २०२०च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार, ज्या डॉक्टरने रुग्णास त्याच आजारासाठी मागील सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासले आहे, तो दूरध्वनीवरून त्याच्या उपचारात काही जादा औषधांची भर घालू शकतो. प्रथमच बोलणाऱ्या डॉक्टरवर मात्र अधिक बंधने आहेत. म्हणजे तंत्रज्ञानाचा पुरेपूर लाभही ओळखीच्याच डॉक्टरकडून मिळतो, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते! आमच्या मते आधुनिकीकरणाची सुरुवात येथूनच व्हावी. वस्तीतल्या डॉक्टरने वेळ ठरवून रुग्ण बोलवावेत, मधुमेहींना तीन महिन्यांनी आठवण करावी, पाळीत काम करणाऱ्यांसाठी दोन संध्याकाळी उशिरापर्यंत दवाखाना उघडा ठेवावा, एम्सला पाठविताना नीट चिठ्ठी द्यावी. आणि एम्सने परतीची चिठ्ठी त्याच डॉक्टरच्या नावे द्यावी. यास यंत्रे फारशी लागत नाहीत, शिस्त लागते.

डॉक्टर मंडळींची बाजूही ऐकावयास हवी. एमबीबीएस झालेला तरुण विशेषज्ञ होऊ पाहतो, कारण समाजच ‘नुसता एमबीबीएस’ म्हणून त्याची किंमत करतो. कौटुंबिक वैद्यक हे पदव्युत्तर शिक्षणाचे स्वतंत्र शास्त्र आहे, हे आपल्याकडे अनेकांना माहीतही नसते, आणि त्याच्या जागा इतर विषयांच्या मानाने अत्यल्प आहेत. शंभर-दोनशे रुपयांच्या फीमध्ये जागेचे भाडे, कंपाउंडर व संगणक हे सारे भागवावयाचे, हेही सोपे नाही.

शेवटी नोंदींचा प्रश्न. २००२च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरने तीन वर्षे जपले पाहिजेत व मागितल्यास ७२ तासांत दिले पाहिजेत. तीन वर्षे जपण्याचे हे बंधन दाखल रुग्णांपुरतेच आहे. बाह्यरुग्णांच्या कागदांविषयी तेथे असे स्पष्ट कलम नाही. आज अनेक वस्त्यांतील जुने डॉक्टर सत्तरीला पोहोचले आहेत, त्यांची मुले परदेशी आहेत आणि दवाखान्याच्या गाळ्यात उद्या औषधांचे दुकान येईल. ज्या कुटुंबांचा असा डॉक्टर अद्याप बसतो, त्यांनी त्यांच्याकडून घरातील प्रत्येकाच्या आजारांचा, चालू औषधांचा व न सोसणाऱ्या औषधांचा एक पानी गोषवारा आताच लिहून घ्यावा, त्याची एक प्रत घरात ठेवावी आणि जमल्यास आभा खात्यावर चढवावी. ज्यांना संगणक जमत नाही अशा वृद्धांना आपल्या धर्मग्रामातील तरुणांनी रविवारच्या मिस्सेनंतर या कामी तासभर दिला, तर एका महिन्यात बऱ्याच घरांचे काम उरकेल.