जागल्या की घरभेदी?

सप्तचिरंजीवांच्या स्मरणात आपण बिभीषणाचे नाव भक्तिभावाने घेतो. आणि घरातली गोष्ट कुणी बाहेर सांगितली की त्याच नावाची शिवी करतो. सत्तेचे दोष उघड करणाऱ्या माणसाविषयीचा आपला सारा गोंधळ या एका विसंगतीत साठवला आहे. जिवंतपणी तो घरभेदी, मेल्यावर हुतात्मा! आमच्या मते ही दोन्ही विशेषणे समाजाच्या आळसातून निघालेली आहेत.

वस्तुतः बिभीषणाने रावणाला आधी भर राजसभेत सांगितले, की सीता परत कर. निर्भर्त्सना झाली तेव्हाच त्याने लंका सोडली. ज्याने प्रथम घरात सांगून पाहिले, त्याला घरभेदी कसे म्हणावे?

यावर आक्षेप असा, की राज्यकारभारात गुप्तता हवी. जो तो दप्तर बाहेर नेऊ लागला तर राज्य चालेल कसे? हा आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच अशा माणसाची पारख त्याच्या कृतीवरून करावी. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने व्हिएतनाम युद्धाचा ४७ खंडांचा गुप्त इतिहास सिद्ध केला होता. लोकांना सांगितले जात होते एक, आणि दप्तरी नोंद होती भलतीच. त्या कामात सहभागी असलेले डॅनियल एल्सबर्ग यांनी तो प्रथम सिनेटच्या सभासदांपुढे नेला. तेथे दाद लागेना, तेव्हा १९७१ साली तो वृत्तपत्राच्या हाती दिला. पण शांततेच्या वाटाघाटींविषयीचे चार खंड रोखून ठेवले. पुढे ते स्वतः सरकारच्या स्वाधीन झाले. सरकारच्याच गैरकृत्यांमुळे १९७३ साली तो खटला रद्द झाला. आधी आत सांगणे, जनतेचे असेल तेवढेच उघड करणे, आणि परिणाम भोगण्यास उभे राहणे, या तीन कसोट्यांना जो उतरला तो द्रोही नव्हे. पैशासाठी गुपिते विकणाऱ्याची वकिली आम्ही करीत नाही.

मग त्याला वीर म्हणून पूजावे काय? खरा धोका येथेच आहे. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावरील अभियंते सत्येंद्र दुबे यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये कामातील गैरव्यवहार पंतप्रधानांना पत्राने कळविले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट या कचेरीतून त्या कचेरीत फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची गोळी घालून हत्या झाली. हत्येचा हेतू लुटीचा होता असे तपासात ठरले आणि २०१० साली तिघांना शिक्षा झाली. तो निर्णय शिरोधार्य मानला, तरी विश्वासाने सोपविलेले नाव फोडण्याचा अपराध त्याने धुतला जातो काय? येथे घरभेदी कोण ठरला, पत्र लिहिणारा की ते फिरविणारा?

पुढे त्यांचा गौरव झाला, पुरस्कार जाहीर झाले. २००४ साली केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त राखून तक्रार करण्याची सोय झाली. संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली संमत केला, त्यास राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. पण त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी तो अंमलात आला नाही. हार घालण्यास आपण तत्पर, कवच देण्यास मात्र उदासीन! एकदा त्याला असामान्य ठरविले, की आपण सामान्य म्हणून गप्प बसण्यास मोकळे.

मराठीने अशा माणसाला यथार्थ नाव दिले आहे : जागल्या. गावाची रात्रीची राखण करणारा तो जागल्या. चोर दिसताच तो हाक देतो, हे त्याचे काम. त्याला कुणी देव्हाऱ्यात बसवीत नाही, आणि झोपमोड झाली म्हणून चोरही ठरवीत नाही. गावाचे कर्तव्य एवढेच, की हाक ऐकताच उठावे व त्याच्या पाठीशी उभे राहावे.

वाचकहो, ही गोष्ट दिल्लीपुरती नाही. आपल्याच देवस्थानाच्या वार्षिक सभेत एखादा महाजन हिशेब विचारण्यास उठतो, तेव्हा त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसविणारा हात कोणाचा असतो?