लिटर पुरा, ऊर्जा अपुरी

पेट्रोल पंपावर गाडी लावली की कर्मचारी आधी सांगतो, ‘शून्य बघा.’ आपण मान वळवून आकडा बघतो आणि मगच नळी टाकीत जाते. शंका आली तर शिक्का मारलेल्या पाच लिटरच्या मापात पेट्रोल मोजून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. त्या दिवशीची घनताही पंपावर लिहिलेली असते. लिटर पुरा मिळावा म्हणून घेतलेली ही दक्षता योग्यच आहे. पण २०२५पासून देशातल्या बहुतेक पंपांवर मिळणारे पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे त्यात पाचातला एक भाग इथेनॉल असतो. पेट्रोलच्या तुलनेत इथेनॉलच्या लिटरमध्ये सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ई-२०च्या प्रत्येक लिटरमध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा साडेसहा ते सात टक्के आणि आधीच्या ई-१०पेक्षा साधारण साडेतीन टक्के ऊर्जा कमी भरते. दर मात्र या कारणाने एक रुपयाही उतरलेला नाही. रोजच्या गाडीत हे पेट्रोल वापरणे परवडते का, या प्रश्नाचे उत्तर या तफावतीत आहे. ई-२० हे इंधन म्हणून वाईट नाही. पण आज ज्या भावाने आणि ज्या सक्तीने ते विकले जाते, त्यात सामान्य गाडीमालकावर अन्याय होतो.

आधी इंजिनाची भीती बाजूला करू, कारण तिच्या गदारोळात खरा मुद्दा हरवतो. ई-२०मुळे इंजिन बसते, गाडी बंद पडते, असे जे पसरवले गेले, त्याला फारसा आधार नाही. एप्रिल २०२३नंतर बनलेल्या गाड्यांची इंधननळी, पंप, रबरी भाग या मिश्रणाला टिकतील असेच केलेले आहेत. इंजेक्शनच्या गाडीत धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. इंधनात ऑक्सिजन वाढला की तो संगणकाला कळवतो आणि संगणक थोडे जास्त इंधन सोडतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या दुचाकीला ही जाण नसते. तिच्यात हवेचे प्रमाण वाढते, इंजिन तापते, उचल कमी होते. इथेनॉल पाणी ओढते, हाही त्याचा स्वभावच आहे. पावसाळ्यात महिनोनमहिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी मर्यादेपलीकडे साचले, तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी जमते आणि हे जड मिश्रण तळाशी बसते. इंधन उचलले जाते तेही तळातूनच. काही जुन्या गाड्यांची रबरे आणि गॅस्केट लवकर बदलावी लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५मध्ये मान्य केले. हा खर्च मोठा नसतो, असे मंत्रालयाचे म्हणणे आहे आणि बहुतेक गाड्यांबाबत ते पटण्यासारखे आहे. थोडक्यात, नव्या गाडीला धोका नाही आणि जुन्या गाडीला थोडा त्रास आहे.

तेव्हा खरा प्रश्न खिशाचा आहे, आणि त्याचे आकडे सरकारकडेच आहेत. नीती आयोगाने जून २०२१मध्ये इथेनॉल मिश्रणाचा आराखडा मांडला. निव्वळ पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१०ला जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज ई-२०वर सहा ते सात टक्के घटेल, तशाच दुचाकीचे तीन ते चार टक्के घटेल आणि ई-२०ला जुळवलेल्या चारचाकीचे एक ते दोन टक्केच घटेल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आता मधला चार टक्क्यांचा आकडा घेऊन एका साध्या घराचा हिशेब मांडू. गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर चालते आणि लिटरला १५ किलोमीटर देते, म्हणजे ८०० लिटर पेट्रोल लागते. मायलेज चार टक्क्यांनी घटले की ३३ लिटर जास्त लागतात. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास जादा खर्च येतो. घट सहा टक्के असेल तर तो पाच हजारांवर जातो. महिन्याचे ताळेबंद जुळवणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम जाणवते. रिक्षा किंवा टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याची गाडी याच्या कितीतरी पट धावते, म्हणजे त्याचा भारही तितकाच वाढतो. शिवाय राज्याचा मूल्यवर्धित कर विकल्या गेलेल्या लिटरवर मिळतो. तेवढ्याच रस्त्याला जास्त लिटर लागले की ग्राहकाचा करही वाढतो.

यावर सरकारी बाजूचे पहिले उत्तर असे, की इथेनॉल आता पेट्रोलपेक्षा महाग पडते. २०२१मध्ये ते स्वस्त होते. पण जुलै २०२५अखेर त्याचा सरासरी खरेदीदर वाहतूक आणि जीएसटीसह लिटरला ७१ रुपये ३२ पैशांवर गेला. मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर तर तेव्हा ७१ रुपये ८६ पैसे होता. मग ग्राहकाला सूट द्यायची कुठून? ही अडचण खरी आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. एखादे धोरण देशाच्या हिताचे आहे म्हणून महागडा कच्चा माल घ्यायचा ठरले, तर त्याचा भार सगळ्या देशाने, म्हणजे तिजोरीने उचलावा. तो पंपावर उभ्या असलेल्या माणसावर न सांगता टाकणे बरोबर नाही. मिश्रणातली घटलेली ऊर्जा भरून निघावी म्हणून करात सवलत द्यावी, हा विचार नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात आहे. मिश्रणाची टक्केवारी वेळेआधी गाठली, सवलत मात्र कागदावरच राहिली. ब्राझीलचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते, तेही पुरते पाहिले पाहिजे. तिथे १९७५पासून हा कार्यक्रम चालू आहे आणि पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल मिसळतात. पण शेजारच्याच नळीवर नुसते इथेनॉल वेगळ्या भावाने मिळते आणि २००३पासून दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आहेत. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तरच ते भरायचे, हा हिशेब तिथल्या चालकांच्या बोटांवर असतो. ऊर्जा कमी तर भाव कमी, ही गोष्ट तिथे फलकावर डोळ्यांना दिसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. परकीय चलन वाचते, शेतकऱ्याला पैसा मिळतो, हवा सुधारते, त्यापुढे दोन-चार हजारांचे काय? यातले पहिले दोन लाभ मी मनापासून मानतो. सरकारी आकड्यांनुसार २०१४-१५पासून जुलै २०२५पर्यंत एक लाख ४४ हजार कोटींहून अधिक परकीय चलन वाचले. साखर विकून पैसे हाती यायला कारखान्याला महिने लागतात, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात, आणि त्यामुळे उसाची थकबाकी फिटायला मदत झाली, हे महाराष्ट्राइतके कोणाला ठाऊक असणार? कर्बउत्सर्जनाचा लाभ मात्र मापात सांगायला हवा. उसाच्या इथेनॉलमुळे पेट्रोलच्या तुलनेत उत्सर्जन ६५ टक्के आणि मक्याच्या इथेनॉलमुळे ५० टक्के घटते, असे सरकार सांगते. पण ई-२०च्या ऊर्जेत इथेनॉलचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपासच असतो, म्हणून गाडीमागची प्रत्यक्ष घट सात ते नऊ टक्के निघते. ती घेण्याजोगी आहे, पण तिचीही किंमत मोजावी लागते, आणि ती आधी पाण्यात. २००१ साली या योजनेचा पहिला प्रयोग ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यात मनमाड आणि मिरज होते. २०१६च्या एप्रिलमध्ये त्याच मिरजेहून तहानलेल्या लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि लातूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, हा आकडाही नीती आयोगाचाच आहे. उसाऐवजी मका घेतला तर पाणी वाचते, पण इथेनॉल काढल्यावर उरलेला चोथा स्वस्त पशुखाद्य म्हणून बाजारात येतो आणि सोयापेंडीची मागणी दाबतो. म्हणजे एका शेतकऱ्याला दिलेला आधार मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीनवाल्याच्या भावातून वजा होतो. देशहिताचा हिशेब मांडायचा तर या बाजूही वहीत आल्या पाहिजेत. सगळ्या बाजू धरूनही योजना फायद्याची ठरत असेल, तर त्या फायद्यातला छोटा वाटा पेट्रोल भरणाऱ्याला परत करायला अडचण नसावी.

राहिली सक्ती. ई-१०चाही पर्याय ठेवायचा तर प्रत्येक पंपावर वेगळी टाकी लागेल, तो खर्च कोण करणार, असे विचारले जाते. पण साधे आणि प्रीमियम अशी दोन पेट्रोल आजही अनेक पंपांवर मिळतात. ब्रिटनने सप्टेंबर २०२१मध्ये ई-१० आणले, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई-५ सुपर पेट्रोलच्या रूपात चालू ठेवले. आपल्याकडच्या आराखड्यातही जुन्या वाहनांसाठी २०२५पर्यंत ई-१० उपलब्ध ठेवण्याचा विचार होता. पण २०२५ उलटले म्हणून जुन्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झालेल्या नाहीत. खासगी गाडीची नोंदणी सरकारच १५ वर्षांची करते. २०२२मध्ये कर्ज काढून घेतलेली गाडी २०३७पर्यंत कायद्याने रस्त्यावर राहणार आहे. ज्या इंधनासाठी ती बनलीच नाही, ते इतकी वर्षे तिच्यात भरायला लावणे न्यायाला धरून नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये या विषयावरची याचिका फेटाळली, तेव्हा आता हा निर्णय सरकारनेच समजुतीने घ्यायचा आहे.

म्हणून ज्याची गाडी ई-२०साठी बनली आहे, त्याने ते निर्धास्त वापरावे. ज्याची जुनी आहे, त्याने गाडी फार दिवस उभी ठेवू नये आणि सर्व्हिसिंगला इंधननळ्या तपासून घ्याव्यात. गाडीमालकाच्या हातात एवढेच आहे, बाकीचे सरकारच्या. १०४ रुपयांच्या लिटरमध्ये ई-१०च्या मानाने साडेतीन रुपयांहून थोडी जास्त आणि निव्वळ पेट्रोलच्या मानाने सात रुपयांची ऊर्जा कमी आहे. दर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठे तरी उतरला, प्रत्येक नळीवर मिश्रणाची टक्केवारी ठळक लिहिली गेली आणि जुन्या गाड्यांसाठी काही वर्षे ई-१० मिळत राहिले, तर या योजनेला विरोध करायला माझ्यासारख्याकडे काही कारण उरणार नाही. ‘शून्य बघा’ असे सांगणारा पंपावरचा कर्मचारी ग्राहकाचा मापावरचा हक्क मान्य करतो. त्याच लिटरच्या आत काय आहे आणि त्याचे खरे मोल किती, हे सांगण्याची जबाबदारी आता धोरण ठरवणाऱ्यांची आहे.