मेट्रो येते आहे, पण आपल्याला घेईल का?

गेल्या रविवारी बुद्धवंदना आटोपली आणि विहाराच्या ओट्यावर मेट्रोचा विषय निघाला. नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. मार्ग ४३.८ किलोमीटर, मंजूर खर्च सुमारे ६,७०८ कोटी. एक फाटा ऑटोमोटिव्ह चौकातून कामठीवरून कन्हानला, बाकीचे बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीकडे.

तरुण पोरे खूश आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आलेली माणसे पुढे कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला जातात. लेकराबाळांना घेऊन बस-ऑटोमागे धावणे थांबेल, असे पोरांचे म्हणणे. ते खरेच आहे.

पण धुणीभांडी करणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "भाऊ, स्टेशनपर्यंत ऑटोचे पैसे, मग तिकिटाचे. येताना पुन्हा तेच. घरी काय नेऊ?" हिंगणा एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या भावाने विचारले, "पाळीच्या वेळेला गाडी राहील का?" टपरीवाले काका गप्पच होते. पहिल्या टप्प्यात कामठी रोडवर काम चालले, तेव्हाची धूळ आणि बुडालेला धंदा ते विसरलेले नाहीत.

आम्ही मेट्रोच्या विरोधात नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी वीज आणि पाण्याच्या मोठ्या योजनांना दिशा दिली. त्यांची लेकरे विकासाला नाही म्हणणार नाहीत. पण विकास कोणाच्या दारात थांबतो, हे विचारणे आपला हक्क आहे.

१ जुलै २०२४ आठवा. दीक्षाभूमीवरील भूमिगत पार्किंगविरुद्ध समाज रस्त्यावर उतरला आणि सरकारला त्याच दिवशी कामाला स्थगिती द्यावी लागली. लोकांना आधी विचारले असते, तर ही वेळ आली नसती. धडा आपल्यालाही आहे. खड्डा पडल्यावर ओरडण्यापेक्षा वेळीच बोलावे.

मेट्रोचा मार्ग ठरला, पण मागण्यांची वेळ गेलेली नाही. कामगारांना आणि विद्यार्थ्यांना परवडेल असा पास, वस्तीतून स्टेशनपर्यंत 'आपली बस', पाळीच्या वेळेला गाडी आणि काम चालू असताना टपरीवाल्यांना पर्यायी जागा. प्रत्येक विहाराच्या महिला मंडळाने हे चार मुद्दे कागदावर लिहावेत, सह्या घ्याव्यात, मेट्रोच्या कार्यालयात आणि नगरसेवकाकडे द्यावेत. पोच मात्र घ्यायला विसरू नका. तोंडी आश्वासनाला पोच नसते.

संघटित होऊन विचारा. जयभीम!