नावांच्या शर्यतीतील न्याय

लंडनमध्ये थेम्स नदीवर १९८८ साली वल्ह्यांच्या नावांची एक मोठी शर्यत सुरू झाली. मिलवॉलपासून हॅमपर्यंतचे तिचे अंतर २१.६ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर आहे. तीत सुमारे ३०० नावा उतरतात. आणि त्या किती तऱ्हांच्या! कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरची ३२ फूट लांबीची, सहा वल्ह्यांची सडपातळ गिग त्यांत असते. बंदराच्या वाटाड्याला येणाऱ्या जहाजावर झटपट पोहोचवण्यासाठी ती मुळात बांधली जाई. नौदलाची २७ फुटी, पाच वल्ह्यांची व्हेलर मात्र दणकट. चपळाई तिच्या अंगी बेताचीच. शिवाय चिनी ड्रॅगन नाव आणि हवाई बेटांची उलांडीची नावही असते.

या साऱ्या एकदम सोडल्या, तर जिंकणार कोण हे आधीच ठरलेले! म्हणून तेथे संथ नावा प्रथम सुटतात आणि वेगवान नावा शेवटी. मग जी आधी पोहोचेल तिचा विजय. वेळेच्या या सवलतीला 'हँडिकॅप' म्हणतात.

घरच्या खेळात धाकट्या भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून सांभाळून घेतात, तशीच ही दया आहे, असे कोणी म्हणेल. पण लिंबूटिंबूवर राज्य येत नाही आणि त्याचा विजयही कोणी मोजत नाही. व्हेलर जिंकली, तर ती खरोखरच जिंकलेली असते. सवलत मिळते ती तिच्या लाकडाला. दंडांतील बळ वल्हेकऱ्यांनाच आणावे लागते.

सवलत किती द्यावी, हे मात्र नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. २०१७ साली पोलंडमधील पोझनान येथे जर्मनीच्या आठ जणांच्या नावेने २००० मीटर अंतर सुमारे ५ मिनिटे १९ सेकंदांत कापले. त्याच स्पर्धेत न्यूझीलंडच्या एका वल्हेकऱ्याने एकट्याने ते सुमारे ६ मिनिटे ३१ सेकंदांत पार केले. माणसे आठपट, पण फरक सव्वा मिनिटाहूनही कमी! कारण आठ जणांना मोठी नाव लागते आणि पाणी तिला अधिक अडवते. तेव्हा नावेची बांधणी आणि पूर्वीच्या शर्यतींतील वेळा, दोन्ही पाहूनच हिशेब करावा लागतो.

येथे एक सावधगिरी हवी. सवलत नावेच्या जातीवरून ठरावी, त्या चमूच्या मागील निकालावरून नव्हे. नाहीतर यंदा मुद्दाम रेंगाळायचे आणि पुढच्या वर्षी लवकर सुटायचे, अशी युक्ती एखाद्याला सुचेल. आणि वर्षभर कसून सराव करणाऱ्यांना मात्र त्या सरावाचाच दंड बसेल. वयस्क वल्हेकऱ्यांना काही शर्यतींत वयाची सवलत देतात, ती वेगळी. वय काही कोणी मुद्दाम वाढवीत नाही.

एक उणीव मात्र हिशेबाला चुकवता येत नाही. थेम्सवर भरती-ओहोटीचा जोर असतो आणि पाण्याचा ओघ तासातासाला बदलतो. त्यामुळे आधी सुटलेल्या आणि मागाहून सुटलेल्या नावांना एकच पाणी लाभत नाही. तरीही ही रीत सोडण्याजोगी नाही. सगळ्या एकदम सुटल्या असत्या, तर व्हेलरला आपला निकाल मिलवॉलच्या काठावरच कळला असता.